सांध्याची रेघ

आपल्या मराठीने गुडघ्याला फार कामाला लावलंय. लग्नाची घाई झालेल्याच्या गुडघ्याला बाशिंग, हरलेल्याने टेकायचे तेही गुडघे, आणि ज्याला काहीच कळत नाही त्याची अक्कलसुद्धा गुडघ्यात! पण हा गुडघा नेमका कुठे असतो असं विचारलं, तर बहुतेक जण वाटीवर हात ठेवतात. वाटी म्हणजे समोरचं ते गोल हाड. गंमत अशी की वाटी सांध्याच्या पुढे असते आणि जवळजवळ सगळीच सांध्याच्या वर. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना भेटतात ती जागा, पाय सरळ असताना, वाटीच्या खालच्या टोकाच्याही किंचित खाली येते. आम्ही फिजिओथेरपीवाले तिला जॉइंट लाइन म्हणतो. आज मी तिला सांध्याची रेघ म्हणणार आहे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचे गुडघे मी पाहिलेले आहेत. :-) उरलेल्या ब्लॉगर मंडळींनी थोडा धीर धरावा. विषय दवाखान्याचा वाटला तरी गोष्ट इतिहासाची आहे. गेल्या पावसाळ्यात आत्याच्या गुडघ्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. त्याआधीचे आणि नंतरचे काही आठवडे मी या एका रेघेबद्दल मिळेल ते वाचत होते. रोज हाताखाली असणारी गोष्ट, पण ती माझ्या हाताखाली कशी पोचली, याचा विचारच कधी केला नव्हता.

तर आधी आपापली रेघ शोधा. (गुडघा सुजलेला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर हा खेळ नको.) खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर, गुडघा काटकोनात. वाटीचं खालचं टोक चाचपा. तिथून एक जाड, ताठ पट्टी खाली जाते आणि नडगीच्या वरच्या भागातल्या एका टेंगळावर संपते. देवघरात गुडघे टेकले की जमिनीला लागतं ते हेच टेंगूळ. आता त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, वाटीच्या टोकाच्या थोडंसं खाली, एकेक मऊ खळगा लागेल. अंगठा त्यात हलकेच दाबा. वर लागेल ते गोल, गुळगुळीत. ते मांडीचं हाड. खाली लागेल ती ओट्याच्या कडेसारखी सपाट कड. ते नडगीचं हाड. दोन्हींच्या मधे अंगठा बुडतो तीच रेघ. खात्री करायची असेल तर टाच जागेवर ठेवून पाऊल आत-बाहेर वळवा. खालची कड अंगठ्याखाली सरकते, वरचा गोलवा जागच्या जागी राहतो. मग अंगठा त्याच पातळीवर बाहेरच्या बाजूला न्या. थोडं मागे आणि बोटभर खाली एक छोटा गोटा लागेल. ते पोटरीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं.

सापडली? आता यातली खरी गोम सांगते. रेघ म्हणून तिथे काही नसतंच. ती दोन हाडांमधली फट आहे. आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, पण बोटाला त्या धड जाणवत नाहीत. म्हणजे पत्ता विचारला तर सांगायचं, "वाटीच्या खाली, टेंगळाच्या वर, गोट्यापासून बोटभर वर." आपल्या जुन्या पेठांमधल्या पत्त्यांसारखं. घराला नंबर नाही, शेजारी मात्र सगळे पक्के. या रेघेचा सगळा इतिहास म्हणजे या शेजाऱ्यांच्या ओळखीचा इतिहास आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत १०७ मर्मांमध्ये जानु हे एक मर्म आहे. मांडी आणि पिंढरी जोडली जातात ती जागा, आणि तिथे इजा झाली तर माणूस लंगडतो, असं त्याचं वर्णन. सुश्रुताने ते सांध्यांच्या मर्मांत घातलं आहे. म्हणजे वाटीपलीकडे, हाडं जुळतात त्या जागेकडे त्याचं लक्ष होतं. पण बाहेरून चाचपून आतलं ओळखायचं एक वेगळं शास्त्र म्हणून जे आमच्या अभ्यासक्रमात आलं, त्याची वाट मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस आणि लंडनमधून येते.

तिथल्या शल्यचिकित्सकांना अशा खुणांची गरज का पडली? कारण भूल नव्हती. बॉस्टनमध्ये ईथर देऊन केलेलं ते प्रसिद्ध ऑपरेशन १६ ऑक्टोबर १८४६ चं. त्याआधी रोगी जागा असायचा, चार जणांनी धरून ठेवलेला. तेव्हा सर्जनची कीर्ती घड्याळावर मोजली जायची. पॅरिसच्या वेल्पो या सर्जनने १८३० च्या सुमारास पाय गुडघ्यातून काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. त्यात हाड करवतीने कापावं लागत नाही, सुरी सांध्याच्या फटीतून आरपार जाते. पण त्यासाठी फट कुठे आहे हे सुरी लावण्याआधी ठाऊक पाहिजे. बोटभर चुकलं की सुरी हाडावर अडकणार आणि समोरचा माणूस किंचाळत असताना पुन्हा जागा शोधावी लागणार. मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगते तेव्हा वर्गात शांतता पसरते. परीक्षेतले दोन मार्क वेगळे आणि हे वेगळं.

त्याच पॅरिसमध्ये पिएर निकोला जेर्दी (१७९७-१८५६) नावाचा सर्जन होता. त्याने १८२९ साली माणसाच्या शरीराच्या बाह्य आकारांवर एक पुस्तक लिहिलं, आणि ते चित्रकार, शिल्पकार आणि सर्जन अशा तिघांसाठी लिहिलं. मला ही जोडी फार आवडली. पुतळा घडवणाऱ्यालाही हेच कळायला हवं की कातडीखाली कुठलं हाड वर येतं आणि कुठे खळगा पडतो. नडगीच्या हाडावर, पुढचं टेंगूळ आणि बाहेरचा गोटा यांच्या मधे, आणखी एक उंचवटा असतो. मांडीच्या बाहेरून येणारा लांब पट्टा तिथे चिकटतो. त्या उंचवट्याला आजही जेर्दीचं नाव आहे. कॉलेजात आम्ही सगळे 'गर्डी' म्हणायचो. तो फ्रेंच होता, चित्रकारांसाठी लिहायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला त्याचा फक्त उंचवटा पाठ होता.

लंडनच्या ल्यूथर होल्डनचं शरीरावरच्या खुणांचं पुस्तक आलं १८७६ मध्ये. प्रेताची चिरफाड करून शिकलेलं जिवंत माणसावर, कातडीवरून कसं ओळखायचं, हा त्याचा विषय. आज आम्ही ज्याला सरफेस अ‍ॅनाटमी म्हणतो, ती विद्यार्थ्यांच्या हातात देणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक.

दरम्यान गुडघ्याच्या आतल्या भानगडींना नावं मिळत होती. इंग्लंडातल्या लीड्सच्या विल्यम हे याने १८०३ च्या आपल्या पुस्तकात गुडघा मधेच अडकण्याच्या दुखण्याला 'आतला बिघाड' अशा अर्थाचं नाव दिलं. बिघाड नेमका कशाचा, हे बघायची सोय नव्हती. ती हिंमत केली एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनन्डेलने, १६ नोव्हेंबर १८८३ रोजी. रोगी खाणकामगार होता. अ‍ॅनन्डेलने नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या वरच्या कडेला धरून छेद घेतला, निसटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली आणि तो माणूस बरा झाला. लक्षात घ्या, एक्स-रे अजून १२ वर्षं दूर होता. आत काय आहे याचा एकही फोटो जगात नव्हता. सुरी कुठे लावायची हे सांगायला एक हाडाची कड होती. मघाशी तुमच्या अंगठ्याला लागली तीच.

आता हा इतिहास नुसता पुस्तकांचा नाही, हातांचाही आहे. वेल्समधल्या अँगलसी बेटावर टॉमस नावाचं हाडवैद्यांचं घराणं होतं. आपल्याकडे गावोगावी असायचे (आणि अजूनही आहेत) तसेच, पिढीजात, पदवी नसलेले. त्यातले एव्हन टॉमस लिव्हरपूलला येऊन हाडं बसवू लागले. शिकलेल्या डॉक्टरांना ते खुपायचं. त्यांनी आपल्या मुलाला रीतसर डॉक्टर केलं. तो ह्यू ओवेन टॉमस (१८३४-१८९१). मोडलेल्या मांडीला लावतात तो टॉमस स्प्लिंट त्याचाच. त्याच्याकडे राहून त्याचा भाचा शिकला, रॉबर्ट जोन्स (१८५७-१९३३). आणि जोन्सच्या हाताखाली तयार झाला टॉमस पोर्टर मॅकमरे (१८८७-१९४९).

मॅकमरेची परीक्षा आम्ही आजही रोज करतो. रोग्याला उताणं निजवायचं, गुडघा पूर्ण दुमडायचा, एका हाताची बोटं सांध्याच्या रेघेवर ठेवायची, दुसऱ्या हाताने पाऊल वळवत पाय हळूहळू सरळ करायचा. गादी फाटलेली असेल तर बोटांखाली 'टक्' असं काहीतरी जाणवतं. सगळी परीक्षा त्या 'टक्'वर उभी आहे, आणि बोटं रेघेवर नसतील तर ते कळणार कसं? अँगलसीच्या हाडवैद्यांच्या घरात जे बोटांनी कळायचं, त्याची एक वाट अशी माझ्या बोटांपर्यंत येते, असं मला उगीचच वाटतं. घरातल्या थोरल्याकडून धाकट्याकडे, गुरूकडून शिष्याकडे, आणि मग पाठ्यपुस्तकातून आमच्याकडे.

८ नोव्हेंबर १८९५ ला रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. वाटलं असेल की आता चाचपायचं कारण संपलं. पण एक्स-रेमध्ये गुडघ्याची रेघ म्हणजे नुसती काळी मोकळी जागा! गाद्या दिसत नाहीत, कूर्चा दिसत नाही. पुन्हा तेच. शेजारी दिसतात आणि त्यांच्यावरून घर ओळखायचं.

आत डोकावण्याची सुरुवातीची एक खटपट झाली ती जपानमध्ये. टोकियोच्या केन्जी ताकागीने १९१८ साली मूत्राशय बघायची दुर्बीण प्रेताच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्याला काळजी होती क्षयाने गुडघे आखडण्याची. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, भेटणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या समाजात गुडघा वाकत नसेल तर माणूस घरातही परका होतो. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पंगतीत मांडी घालता येत नाही म्हणून घरात बसून राहणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ताकागीचा शिष्य मासाकी वातानाबे याने पुढे ही दुर्बीण खरोखर कामाची केली आणि १९६२ मध्ये तिच्या मदतीने फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. आज ही ऑपरेशनं तालुक्याच्या गावीही होतात. दुर्बिणीसाठी भोक कुठे पाडायचं? पट्टीच्या शेजारच्या त्या मऊ खळग्यात, रेघेच्या जरा वर. दुर्बीण आत जाण्याआधी सर्जनचा अंगठा तिथे जाऊन आलेला असतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर ही रेघ मला प्राध्यापकांनी शिकवली, पण कळली ती कॅलिपरच्या वर्कशॉपमध्ये. १९९० च्या आसपास आमच्याकडे पोलिओची मुलं रांगेने यायची. वर्कशॉपमधले कारागीर काका जमिनीवर खाकी कागद अंथरायचे, मुलाचा पाय त्यावर ठेवून पेन्सिलने कडेकडेने आकार काढून घ्यायचे. मग म्हणायचे, "ताई, रेघ दाखवा." मी दाखवायचे. ते माझा अंगठा बाजूला करून स्वतः एकदा चाचपायचे, मगच खूण करायचे. :-) बिजागरी मात्र त्या खुणेवर नाही, तिच्या साधारण दोन सेंटिमीटर वर. गुडघा वाकतो तो मांडीच्या हाडाच्या गोलव्याभोवती, फटीपाशी नाही. बिजागरी चुकीच्या जागी आली की मूल बसताना-उठताना सगळा कॅलिपर पायावर वर-खाली घासतो. मांडीला घट्टे पडतात, जखमा होतात. मूल रडतं, आणि घरचे कॅलिपर कोपऱ्यात ठेवून देतात. काकांनी वेल्पोचं नाव ऐकलं नव्हतं, होल्डनचंही. पण एका बोटाच्या फरकाने मूल शाळेत जातं की घरी बसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भारतातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागाला पोलिओमुक्त जाहीर केलं. ते खाकी कागद गेले. बरंच झालं गेले.

आता आत्याकडे वळते. संपूर्ण गुडघा बदलायचं आजचं ऑपरेशन ज्या कृत्रिम सांध्यावरून घडत गेलं, तो न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली पहिल्यांदा बसवला गेला. इन्सॉल, रानावत आणि वॉकर ही त्यामागची तीन नावं. यातले डॉ. चित्तरंजन रानावत आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीत २००० आणि २००१ मध्ये बदलले ते त्यांनीच. त्या वेळी वर्तमानपत्रांत इतकं छापून आलं होतं की माझ्याकडे येणारा प्रत्येक म्हातारा "वाजपेयींचं ऑपरेशन" असंच नाव सांगायचा.

या ऑपरेशनमध्ये दोन्ही हाडांची टोकं कापून धातू आणि प्लॅस्टिक बसवतात. म्हणजे रेघ पुसून नवी आखायची. ती मूळच्या जागी आली तर ठीक. वर सरकली तर वाटी तिच्या मानाने खाली पडते, आजूबाजूचे बंध सरळ पायात घट्ट आणि अर्धवट वाकलेल्या पायात सैल होतात, जिना उतरताना गुडघा दगा देतोय असं वाटतं. १९८६ साली फिगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकी नियतकालिकात यावर लेख लिहिला. ज्यांची रेघ आठ मिलिमीटरच्या आत राहिली त्यांचे गुडघे चांगले चालले. आठ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर!

आत्याचा पहिला सांधा चौदा वर्षं चालला आणि मग सैल झाला. सैल सांधा हलत राहतो आणि आजूबाजूचं हाड खातो. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सर्जनने मला एक्स-रे दाखवला. मी बोट ठेवायला गेले आणि थांबले. आत्याची मूळ रेघ कुठे होती, हे दाखवायला तिथे काही उरलंच नव्हतं. खरी हाडांची टोकं पहिल्या ऑपरेशनमध्ये गेली, नंतर उरलेलं हाड झिजलं. ना एमआरआय उपयोगाचा, ना संगणक. जे नाहीसं झालंय त्याचा फोटो कसा काढणार?

सर्जन पट्टी घेऊन बसले. बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यापासून वर साधारण दीड सेंटिमीटर. मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून खाली साधारण तीन, बाहेरच्यापासून अडीच. आणि आतल्या बाजूला जरा वर एक बारीक टोक असतं, मांडीचा एक मोठा स्नायू तिथे येऊन चिकटतो. त्या टोकापासून रेघेपर्यंतचं अंतर हाडाच्या रुंदीच्या साधारण निम्मं भरतं. माणूस उंच असो की बुटका, हे प्रमाण फारसं बदलत नाही, म्हणून नुसत्या सेंटिमीटरपेक्षा ते जास्त भरवशाचं. शिवाय दुसऱ्या पायाचा एक्स-रे शेजारी. तो गुडघाही झिजलेला, पण रेघ अजून जागेवर. एकेक शेजारी थोडाथोडा चुकतो. बारीक हाडाचं डोकं तर प्रत्येकात जरा वेगळ्या उंचीवर असतं. म्हणून एकावर विसंबायचं नाही, चौघांना विचारायचं. चौघांनी मिळून जी जागा सांगितली तिथे पेन्सिलची रेघ आली. मला काकांचा खाकी कागद आठवला.

बोटांची फार आरती ओवाळायची नाहीये मला. जाड पायात, सुजलेल्या गुडघ्यात रेघ हरवते. दोन अनुभवी माणसं एकाच गुडघ्यावर दोन ठिकाणी खूण करतात, हे मी पाहिलंय. रेघेवर दुखलं म्हणजे गादी फाटलीच असं नाही, आणि एमआरआयने कित्येकांची अनावश्यक चिरफाड वाचवली आहे. पण त्याआधी आम्हाला याच आत्याच्या बाबतीत एक अनुभव आला. एका ठिकाणी तिची फाइल वीस मिनिटं पाहिली गेली, आणि गुडघ्याला कोणी हातही लावला नाही. बाहेर आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही गं, कुठे दुखतं ते." ती जिथे बोट ठेवणार होती ती जागा रेघेच्या दोन बोटं खाली होती. म्हणजे सांध्यात नाहीच, खालच्या हाडात रोवलेल्या धातूच्या दांड्यापाशी. पुढच्या सर्जनने हात लावला आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. आत्या दोन मजले कठड्याला धरून चढते, उतरताना एकेक पायरी. मांडी घालता येत नाही. पंगतीत तिला टेबलावर बसवतात याचा तिला अजून राग आहे. दर शनिवारी मी तिचा व्यायाम घेते. गुडघा वाकवून अंगठा ठेवला की खळगा लागतो, रेघही लागते. वर धातू, खाली प्लॅस्टिक. बाहेरच्या बाजूचा तो छोटा गोटा मात्र तिचा स्वतःचा आहे, जन्मापासूनचा.

असो. पोस्ट फारच लांबली. ज्यांना आपली रेघ सापडली त्यांनी खाली लिहा. ज्यांना नाही सापडली त्यांनी तर नक्कीच लिहा, आणि नातेवाईक असाल तर घरी या. चहा माझ्याकडे.